दोन बोटांचा फरक

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस यमुनेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, आणि हे मी सांगतोय, भाव केल्याशिवाय ऑटोतही न बसणारा माणूस. सरकारी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मामा दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले ते जणू विश्रांतीशी वैर धरूनच. माझा नोएडात यंत्रं भाड्याने देण्याचा धंदा. त्यातला जुना स्किड स्टीअर लोडर त्यांचा खास लाडका. या माती उचलणाऱ्या बुटक्या यंत्राला स्टीअरिंगचं चाक नसतं, दोन दांडे असतात. डावा डावीकडची चाकं चालवतो, उजवा उजवीकडची. सांधे झिजले की दांडे खुळखुळतात आणि यंत्र मनाला येईल तिकडे जातं. "जावईबापू, ही बाई वाकड्या चालीची नाही," मामा म्हणायचे, "सांधे झिजलेत बिचारीचे, माझ्यासारखे."

बाईला आंघोळ घातल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. भर जानेवारीतही आधी पाण्याचा पाइप, मग लोडरची पुढची बकेट जमिनीवर टेकवायची, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. पाने आणायचे जेवणाच्या डब्यातून. मेट्रोच्या तपासणीत जवानाने विचारलं, "अंकल, ये क्या है?" तर म्हणाले, "लंच." त्याने परत पाठवलं तेव्हा ऑटोने आले, तेही भाव न करता. मला राग आला तो या दुसऱ्या गोष्टीचा. पण सगळ्यात अजब सवय म्हणजे यंत्राकडे बघण्याआधी ते ड्रायव्हर रामवीरचे दोन्ही हात हातात घ्यायचे, पुढे ताणायला लावायचे, आणि हात बघणाऱ्या ज्योतिष्यासारखे मिनिटभर गप्प राहायचे. मी एकदा विचारलंच, "मामा, लग्न जमवताय का त्याचं?" ते म्हणाले, "दांड्याचं दुसरं टोक तपासतोय." मी खूप हसलो. तेव्हा हसणं फुकट होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी दोन दिवस खपून सांधे बदलले, दांड्यांखालच्या जोडसळ्यांचे नट अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने फिरवले आणि म्हणाले, "झालं." मी बघतो तर डावा दांडा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं मागे! त्या वेळी भाड्याने घेणारी पार्टी शेजारीच उभी होती आणि मी भावावर अडून बसलो होतो. माझं डोकं फिरलं. "मामा, हे काय? दिसत नसेल तर सांगा, चष्मा करून देतो! चार लोकांत माझी इज्जत काढलीत." मामांनी एकदा रामवीरकडे पाहिलं. रामवीर जमिनीकडे बघत होता. मामा एवढंच म्हणाले, "असेल, जावईबापू. वय झालं." आणि पाने पुसून एकेक करून डब्यात भरले.

मी दुसरा मिस्त्री बोलावून दोन्ही दांडे अगदी एका रेषेत करून घेतले. तिसऱ्याच दिवशी लोडर डावीकडे ओढला जाऊन गोदामाच्या फाटकाच्या खांबाला भिडला. कुणाला लागलं नाही, पण मी रामवीरवर तुटून पडलो. शेवटी तो म्हणाला, "सेठजी, बायाँ हाथ पूरा आगे नहीं जाता. पुरानी चोट है. मामाजी ने उसी हिसाब से सेट किया था."

"पहले क्यों नहीं बताया?"

"बताता तो आप रखते?"

आयुष्यात मला भावात कुणी हरवलेलं नव्हतं. रामवीर पहिला.

रामवीरला मी ठेवलं. पण मामांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मला बाजूला घेऊन कानात सांगता आलं नसतं? मग आठवतं, आदल्याच महिन्यात त्यांच्यासमोर मी एका ड्रायव्हरला नुसता पाय मुरगळला म्हणून घरी पाठवलं होतं. माझ्या कानात काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असणार.

मामा आता घरी येतात, चहा घेतात, मुलांशी हिंदीत बोलतात, पण नोएडाचा विषय काढत नाहीत. डबा आणत नाहीत. दुसऱ्या मिस्त्रीने डावा दांडा तीनदा मागे घेऊन पाहिला. कधी एक बोट, कधी तीन. मामांची ती दोन बोटं काही जमत नाहीत.

परवा बायको माझ्यासोबत नोएडाला आली होती, तेव्हा तिच्या मोबाइलवर त्यांचा फोन आला. मीच उचलला. बायकोला हाक मारायच्या आतच त्यांनी विचारलं, "बाई सरळ चालते ना?"

समोर आवारात रामवीर लोडर काढत होता. चार हात पुढे जायचा, थांबायचा, तोंड उजवीकडे वळवून घ्यायचा, पुन्हा चार हात. "या ना मामा, एकदा बघून जा," एवढंच म्हणायचं होतं.

"एकदम सरळ," मी म्हणालो, आणि फोन बायकोला दिला.