श्वास कापलेली रेकॉर्ड

तिसऱ्या टेकला हेडफोनमध्ये मला ती शिट्टी ऐकू आली. ओळ संपायची, बाई श्वास घ्यायच्या आणि त्या श्वासाच्या तळाशी बारीक शीळ वाजायची. मी हात वर करून टेप थांबवली.

आम्ही अलिबागला एका शाळेच्या वर्गात होतो. मे महिन्याची सुट्टी, म्हणून खोली मिळाली होती. खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, तरी कावळे आत ऐकू येत. मी मुंबईच्या एका ग्रामोफोन कंपनीत रेकॉर्डिस्ट होतो. गाणाऱ्या बाई मुंबईला यायला तयार नव्हत्या. म्हणून मशीन लाँचमधून रेवसला उतरवलं आणि एसटीत पायांशी धरून इथवर आणलं.

मंजुळाबाई धवलारीण होत्या. पोयनाडकडच्या आगरी गावांत लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यांवर. हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि ते म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र भरदार.

ही गाणी एकटीने म्हणत नाहीत. मंजुळाबाईंची जाऊ पार्वती शेजारी बसायची. एकीचा दम संपत आला की दुसरी ओळ उचलायची, त्यामुळे गाणं तासभर तुटत नसे. जुन्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. आता लाँग प्ले आली होती, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. म्हणूनच आमच्या मॅनेजरांना, पारेखसाहेबांना, धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, रेकॉर्ड करायचं सुचलं. फक्त त्यांना आवाज एकच हवा होता.

"कव्हरवर एक फोटो, एक नाव," ते म्हणाले. "दोघी असल्या की लोक गोंधळतात."

पार्वती बाहेर व्हरांड्यात बसून राहिली.

टेप थांबवून मी विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"काय न्हाय सायेब. चुलीचा धूर बसलाय छातीत. लगनं पन लय झाली औंदा."

मी पारेखसाहेबांना बाजूला घेतलं. "श्वासात शिट्टी आहे. साधा खोकला वाटत नाही. एकदा डॉक्टरला दाखवू या."

"रेकॉर्डवर ऐकू येईल?"

"येईल."

"काढता येते?"

"येते. पण..."

"मग काढ. आपल्याला परवा परत जायचं आहे."

मी परत मशीनपाशी बसलो. दोन दिवसांत आठ गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर बाई भिंतीला टेकून डोळे मिटायच्या आणि पार्वती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

मुंबईला आल्यावर मी एडिटिंगला बसलो. हे काम हाताचं असतं. टेप पितळी पट्टीच्या खाचेत बसवायची, नको तो तुकडा ब्लेडने तिरपा कापायचा, उरलेली टोकं पांढऱ्या चिकटपट्टीने जोडायची. तिरपा यासाठी की जोडावर टक् असा आवाज येत नाही. मी एकेक श्वास शोधून काढला आणि कापला. ताल सैल पडू नये म्हणून जोड कुठे द्यायचा ते मला चांगलं कळायचं. आठवडाभर खपलो. शेवटी ऐकलं तर बाई वीस मिनिटं कुठेही न थांबता गात होत्या. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

पारेखसाहेबांनी कव्हरवर छापलं, 'दम न घेता गाणारी धवलारीण'.

रेकॉर्ड तुफान चालली. पेणपासून माणगावपर्यंत लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर तीच. मुंबईत गिरणीत असलेले आगरी लोक ती घेऊन गावी जात. दुकानदारांच्या मागण्या पुऱ्या होईनात.

रेकॉर्ड प्रथम विक्रीला आली तेव्हा अलिबागच्या बाजारात एका दुकानात बाईंना बोलावून ऐकवली होती. मी होतो, पारेखसाहेब होते. बाई ग्रामोफोनसमोर उकिडव्या बसल्या. एक बाजू पूर्ण संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"ह्यो आवाज माजाच हाय ना, सायेब?"

"तुमचाच."

"मंग मी दम कवा घेतला?"

पारेखसाहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "बाई, चांगला माईक असला की तसंच येतं. तुम्हीच गायलात."

त्यांना ते पटलं. माणूस हेडफोन लावून बसतो, तर त्याला कळतच असणार, असं त्यांना वाटलं असावं.

त्याच वर्षी हिवाळ्यात कंपनीने अलिबागला त्यांचा जाहीर कार्यक्रम ठेवला. संध्याकाळी, मैदानावर. माईक आणि अॅम्प्लिफायर माझ्याकडे. मी वायरी जोडत होतो तेव्हा पार्वती माझ्याजवळ आली.

"भाऊ, तिला समजवा. रोज सकालची रेकाड लावून तिच्यासंगती म्हनते. दम कोंडून बसते. मी ओल उचलली का मना गप करते. मागल्या आठवड्यात थुंकीत रगत होता."

मी सरळ पारेखसाहेबांकडे गेलो. दुसरा माईक लावू द्या, पार्वतीला बसू द्या म्हणालो.

"लोक रेकॉर्डवरची बाई ऐकायला आलेत," ते म्हणाले. "आता गडबड नको."

मी पडद्यामागे बाईंकडे गेलो. त्या नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, गालाची हाडं वर आलेली. "बाई, मध्ये श्वास घ्या. कोणी काही म्हणणार नाही," एवढंच मी बोललो. कारण सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली.

पहिल्या तीन ओळी त्यांनी रेकॉर्डसारख्याच म्हटल्या. चौथीला आवाज फाटला. त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि ती शिट्टी लाऊडस्पीकरमधून सगळ्या मैदानावर गेली. मागून कोणीतरी ओरडलं, "रेकॉर्डसारखं म्हना!" लोक हसले. बाईंनी पुन्हा सुरुवात केली आणि खोकल्याची उबळ आली. पदर तोंडाला लावला, तो लाल झाला. पार्वतीने धावत जाऊन त्यांना सावरलं.

लोक उठायला लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. पारेखसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रेकॉर्ड लाव."

मी लावली. हे सांगताना अजून जड जातं, पण लावली. मैदान शांत झालं. लोक परत खाली बसले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. तोवर बाईंना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं होतं.

दोन्ही फुप्फुसांत क्षय होता. डॉक्टर मला म्हणाले, "आता इंजेक्शनं आहेत, माणसं बरी होतात. पण ही फार उशिरा आली. सात-आठ महिने आधी आणायला हवी होती." मी मनात महिने मोजले. शाळेच्या वर्गातला मे महिना येत होता.

दुसऱ्या दिवशी मी खाटेजवळ गेलो आणि सांगून टाकलं. "बाई, रेकॉर्डवरचे श्वास मी ब्लेडने कापले होते."

"सगले?"

"सगळे."

"आयकलंस पार्वते?" त्या जावेला म्हणाल्या. "आनि मना वाटला, माजाच दम सरला."

मग बाईंनी मला विचारलं, "त्याच दिशी का न्हाय सांगितलंत, सायेब?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

श्रावणात त्या गेल्या. मला पंधरा दिवसांनी पोस्टकार्डाने कळलं. पार्वतीने धवले सोडले, असंही त्यात होतं. कंपनीने रेकॉर्ड पुन्हा छापली आणि कव्हरवरची ओळ तशीच ठेवली. ती ओळ काढा म्हणून मी लेखी दिलं, तेव्हा माझी बदली रिपेअर खात्यात झाली. पुढची अनेक वर्षं मी अॅम्प्लिफायर दुरुस्त केले.

मशीनमध्ये बिघाड दिसला तर तो लॉगबुकात लिहायचा आणि सही करायची, हा आमच्याकडे नियम होता. शाळेच्या वर्गात टेप थांबवली त्या दिवशी मी लिहिलं होतं, 'टेक तीन, श्वासात आवाज, एडिटिंगमध्ये काढणे'. खाली सही माझी आहे. डॉक्टरला दाखवणे, असं मी लिहिलं नाही.