एकविसावं वाक्य

माझे बाबा नेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्यांच्या घशाची वाट लावली आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा मी यवतमाळला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. ऑपरेशननंतर आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, मी कम्प्युटरवाली पोरगी. बाबांचा आवाज मी वाचवते.

मोबाइलसाठी एक साधं अ‍ॅप लिहिलं. त्यात 'वाक्य' नावाचा क्लास, म्हणजे साचा. प्रत्येक वाक्य म्हणजे एक ऑब्जेक्ट, सोबत बाबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. बटण दाबलं की बाबा बोलणार. वाक्यं ठेवायला अ‍ॅरे घेतला, वीस घरांचा. अ‍ॅरे वीसचा केला की वीसचाच राहतो. वर हा वीस आकडा मी शहाणीनं कोडमध्ये दहा ठिकाणी हातानं लिहून ठेवलेला.

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी दुकानाचं शटर ओढून रेकॉर्डिंग केलं. 'पानी दे.' 'पंखा लाव.' 'उशी वर कर.' 'दुखून राह्यलं.' बाबा लाजत, खाकरत बोलत होते. वीस झाली तसे म्हणाले, "आनखी एक घे नं."

"जागा नाही बाबा. वीसच बसतात."

"एकच आहे, माय."

"मंग आधीचं एखादं काढा! आता सारं कोड कोन बदलवन?" मी खेकसले. मला बॅग भरायची होती, एवढंच कारण.

ते हसले. "राहू दे मंग."

ऑपरेशन झालं, बाबांचा आवाज गेला. पुढच्या महिन्यात कॉलेजात सरांनी लिस्ट शिकवली. तिचा आकार आधी सांगावा लागत नाही, टाकाल तेवढं घेते, आपोआप वाढते. पोरं वहीत उतरवत होती. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले. कोड बदलायला तासभर लागणार होता. त्या दुपारीही तासच लागला असता.

घरी येऊन अ‍ॅरे काढला, लिस्ट घातली. मग बाबांच्या हातात पाटी दिली आणि विचारलं, "ते एकविसावं काय होतं?"

त्यांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'तुले हाक मारायची होती. बाकी सारं त इशाऱ्यानं सांगता येते.'

खरंच होतं. पाणी, पंखा, उशी, सगळं ते बोट दाखवूनच मागत होते. अ‍ॅप कित्येक दिवस उघडलंही नव्हतं.

आता मी घरी असले आणि मला बोलवायचं असलं की बाबा लोखंडी पान्यानं दुकानाचं शटर वाजवतात. मी हातातलं टाकून धावत जाते.