पाठीचं दुखणं

नवऱ्याची पाठ दुखते, हे मी ठरवलं. खरं तर दारू सोडण्यासाठी त्याला अबूधाबीतल्या एका क्लिनिकमध्ये आठवड्यातून तीनदा दुपारी जायचं होतं. तिथे राहायचं नव्हतं. गटात बसायचं, समुपदेशकाशी बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. पण मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मराठी घरं आहेत, आणि माणसं इतकी प्रेमळ की कुणाची गाडी दुपारी तीनला निघाली तरी चौकशी करतात. म्हणून मी सांगून टाकलं, मणक्यातली गादी सरकलीय, फिजिओथेरपी चालू आहे.

एका खोट्याला किती हातभार लागावेत! समोरच्या वहिनींनी तेल आणून दिलं. कुणी कमरेचा पट्टा दिला. सुपरमार्केटमधून आलो की लोक त्याच्या हातातल्या पिशव्या काढून घ्यायचे. त्याला वाकून चालावं लागे आणि तो बिचारा विसरायचा. मग लिफ्टचं दार उघडायच्या आत आमची बारा वर्षांची लेक कुजबुजायची, "बाबा, युअर बॅक!" आम्ही तिघंही हसायचो. पोरीला छान वळण लावत होते मी.

क्लिनिकमधल्या मल्याळी समुपदेशक बाईंनी एकदा मलाही आत बोलावलं. "मॅडम, आपको सबसे ज़्यादा डर किस बात का है?"

मी म्हटलं, हा पुन्हा पिईल याची. त्यांनी ते लिहून घेतलं. नवरा मान खाली घालून बसला होता. मला खरी भीती लोकांची आहे हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने मला उघडं पाडलं नाही. उलट मलाच त्याचा राग आला.

सहाव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, समोरच्या घरी जेवायला बोलावलं होतं. वहिनींचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणतात, मनाने अगदी मोकळे. नवऱ्याला हळूहळू बसताना पाहून ते कळवळले.

"अरे, फिजिओवाल्यांना काय कळतंय! ब्रँडी घे. कोमट पाण्यात एक पेग. पाठदुखी खलास!" आणि त्यांनी ग्लास भरून त्याच्या हातात दिलासुद्धा.

"नको दादा. डॉक्टर नाही म्हणालेत."

"पाठीचा डॉक्टर ब्रँडीला नाही म्हणतो? बदल तो डॉक्टर!"

सगळे हसले. बरोबरच होतं त्यांचं. पाठ दुखणाऱ्या माणसाला नाही म्हणायला कारण काय? जे खरं कारण होतं ते मीच काढून घेतलं होतं. नवरा उठून उभा राहिला, त्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्याची नजर मला वाचता येते. तो विचारत होता, सांगू का? तुला चालेल?

मी नजर ताटाकडे वळवली. मग त्याने ग्लास तोंडाकडे नेला. माझी लाज राखायला तो प्यायला निघाला होता.

"ठेव तो ग्लास!" मी केवढ्याने ओरडले. "दादा, त्याची पाठ ठणठणीत आहे. तो दारू सोडतोय. सहा आठवडे झाले. त्याने काही लपवलं नाही, मी खोटं बोलले सगळ्यांशी."

लेकीचा घास हातातच राहिला. दादांनी ग्लास परत घेतला आणि आता तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. शेवटी आत जाऊन सिंकमध्ये ओतून आले. मला नवऱ्याविषयी इतकी माया दाटून आली की चारचौघांत रडायलाच लागले.

"वहिनी," तो म्हणाला, "थोडं ताक मिळेल?"

वहिनी लगबगीने आत गेल्या. त्याने ताक उभ्या उभ्या संपवलं, ओठ पुसले, आणि सगळ्यांच्या देखत आणखी मागितलं.