तीन कोटेशनांचा कॉम्प्युटर

जूनचा दुसरा रविवार, सकाळचे नऊ. मंजूर रक्कम साठ हजार रुपये. त्यात चाळीस हजार माझ्या पगाराच्या थकबाकीतले, वीस हजार मुलीने दोन उन्हाळे लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. हजर तिघे: मी, माझे मिस्टर आणि आमची मुलगी. ठिकाण, तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या आमच्या घरातलं स्वयंपाकघर. ठरवायचं होतं ते एवढंच, की गेम खेळायचा कॉम्प्युटर तयार आणायचा की सुटे भाग आणून घरी जोडायचा.

मुलगी आदिलाबादला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज बसने जाते. कॉलेजच्या पाच मुलींचा एक संघ आहे. ऑनलाइन गेममध्ये पाच जणी समोरच्या पाच जणींशी खेळतात. ती बसस्टँडजवळच्या एका सेंटरमध्ये तासाला चाळीस रुपये देऊन खेळायची. एप्रिलमध्ये ऐन सामन्यात तिथली नेटची लाइन गेली, तिचा पडदा गोठला आणि उरलेल्या चौघी हरल्या. संघाची कप्तान, शेवटच्या वर्षाची एक मुलगी, तिला सरळ म्हणाली की जूनच्या शेवटच्या रविवारी हैदराबादच्या स्पर्धेसाठी निवडीचे सामने आहेत. तोवर तुझ्याकडे भरवशाचं मशीन असेल तर तू, नाही तर तुझ्या जागी राखीव सहावी बसेल.

"गेम खेळाले साठ हजार?" मिस्टर म्हणाले. ते शाळेत मास्तर आहेत. "एवढ्यात जुनी स्कूटी येते."

"स्कूटीवर बसून मॅच खेळता येते का बाबा?"

"तुह्या आईनं मंजूर केलं न, मंग मी शिपाई. सही कुठी करू तेवढं सांगा."

मुलीने वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून समजावलं. तयार मशीनमध्ये दुकानदार दिसणाऱ्या गोष्टींवर पैसे घालतो आणि आतलं ग्राफिक्स कार्ड हलकं टाकतो. सुटे भाग घेतले तर पैसा कुठे जास्त घालायचा ते आपण ठरवतो. साठातले साडेएकोणीस हजार तिने एकट्या त्या कार्डावर धरले होते. मी विचारलं, असं काय करतं ते?

"चित्रं काढते आई. एका सेकंदात शंभराच्या वर. आपला पडदा एकशे चव्वेचाळीस दाखवू शकते."

हा आकडा माझ्या डोक्यात बसला. सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं, म्हणजे मिनिटाला आठ हजार सहाशे चाळीस. त्या रविवारपासून मलाच चैन पडेना. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाजी निवडताना मी कॉम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ पाहत होते. पॉवर सप्लाय किती वॅटचा असावा यावर मी एकदा दफ्तरातल्या टायपिस्टबाईंना दहा मिनिटं सांगत बसले. त्या शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमी खेळून राह्यल्या का पोरगी?"

मी मंडलाच्या, म्हणजे इकडच्या तालुक्याच्या, दफ्तरात सीनियर असिस्टंट आहे. पंचवीस वर्षांत तीन कोटेशन घेतल्याशिवाय मी खुर्चीसुद्धा घेऊ दिलेली नाही. घरचा नियम वेगळा का असावा? मी एक नमुना तयार केला. चार रकाने: अनुक्रमांक, वस्तू, नग, दर. मुलीची यादी त्यात उतरवायला घेतली, तर प्रत्येक ओळीत कंपन्यांची नावं आणि इंग्रजी अक्षरं-आकडे यांची गर्दी. कोटेशन मागताना बनवणाऱ्याचं नाव लिहायचं नसतं, त्याने एकाला झुकतं माप दिल्यासारखं होतं. मी नावं काढली. नावांना चिकटलेली अक्षरं-आकडेही काढले.

मुलगी सेमिस्टरच्या पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आई, प्रोसेसर अन् बोर्ड ह्या दोघायची जोडी हाय. ते जसंच्या तसं लिव, एकाच ओळीत."

तेवढी ओळ मी जशीच्या तशी लिहिली. बाकीचं "तू पाहून घे" म्हणून ती पुन्हा वाचायला लागली. रॅमच्या ओळीत मी लिहिलं: रॅम, सोळा जीबी, एक नग. सगळी यादी फुलस्केपच्या एका बाजूवर बसली याचं मला समाधान वाटलं.

आदिलाबादला मी तीन दुकानं फिरले. पहिला दुकानदार फार बोलका होता. दुसरं दुकान एका तेलुगू नवरा-बायकोचं, पहिल्या मजल्यावर. बायको हिशेब पाहायची. तिसरा दुकानदार पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने सगळे दर लिहिले आणि रॅमच्या ओळीपुढे, रकान्याच्या बाहेर, समासात काहीतरी लिहिलं.

"नमूने के बाहर कुछ मत लिखिए," मी म्हणाले.

"मॅडम, ये लिखना पड़ता है."

"दर के खाने में दर लिखिए, बस."

मी त्याच्यासमोरच त्या अक्षरांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी छोटी सही केली. त्याने पेन खिशाला लावला. "सब एक जगह से ले लो मॅडम," तो म्हणाला, "मिला के दूँगा." हे तर प्रत्येकच दुकानदार म्हणतो, असं मला वाटलं.

घरी येऊन मी तुलनात्मक तक्ता केला. प्रत्येक ओळीत ज्याचा दर कमी, त्याला लाल गोल. बोलक्या दुकानदाराकडून कार्ड आणि प्रोसेसर-बोर्डाची जोडी, नवरा-बायकोकडून रॅम, डिस्क, पडदा, कीबोर्ड आणि माउस, तिसऱ्याकडून फक्त सगळे भाग ज्यात बसतात तो डबा आणि पॉवर सप्लाय. एकूण एकोणसाठ हजार एकशे पन्नास. सगळं तिसऱ्याकडून घेतलं असतं तर एकसष्ट हजार नऊशे. दोन हजार साडेसातशे वाचवले म्हणून मी तो तक्ता मिस्टरांना दोनदा दाखवला.

मुलीची परीक्षा होती, म्हणून शेवटच्या शुक्रवारी रजा टाकून मी एकटीने सामान आणलं. नऊ खोकी. बसमध्ये पडद्याचं खोकं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. कंडक्टर म्हणाला, टीव्ही का? मी म्हणाले, नाही, आणि नेरडीगोंड्याला जाणाऱ्या शेजारच्या बाईंना वीस किलोमीटर सगळं समजावत आले.

शनिवारी सकाळी साडेअकराला दिवाणावर स्वच्छ चादर अंथरून आम्ही बसलो. अंगातली वीज भागांना लागू नये म्हणून मुलगी दर वेळी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायची. मिस्टर स्क्रू वाटीत मोजून ठेवत होते. नवं कोरं पुस्तक उघडल्यासारखा वास त्या बोर्डाला होता. प्रोसेसर जागेवर ठेवायचा तर जोर लावायचा नसतो. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळला की तो आपोआप बसतो. तो बसला तेव्हा आम्ही तिघंही खाली वाकून पाहत होतो. त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा.

मग रॅमची पट्टी. ती बसेना.

मुलीने उलटी करून पाहिली, सुलटी केली. मिस्टर म्हणाले, "दाब न थोडं." ती म्हणाली, "बाबा, हात नका लावू." पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि बोर्डावरच्या जागेत एक उंचवटा; दोन्ही समोरासमोर आले तरच पट्टी आत जाते. मी फूटपट्टी आणली. खाच उंचवट्यापासून दोन-अडीच मिलिमीटर बाजूला होती.

"ही पाचव्या पिढीची हाय आई," मुलगी हळू बोलली. "आपल्या बोर्डाले चौथी लागते."

"तुह्या यादीत लिवलं होतं?" मी विचारलं.

"होतं."

मी फाइल काढली. तिच्या यादीत ते होतं. माझ्या नमुन्यात नव्हतं. आणि तिसऱ्या दुकानदाराच्या कागदावर, समासात, बॉलपेनने लिहिलेलं होतं ‘डी ४’. त्यावर माझी रेघ आणि माझी सही.

दीड वाजला होता. सामने दुसऱ्या दिवशी तीनला, आणि रविवारी तिन्ही दुकानं बंद. मिस्टरांना स्क्रूंपाशी बसवून आम्ही दोघी हायवेवर आलो आणि मिळाली ती बस धरली. मुलगी खिडकीकडे पाहतच म्हणाली, "त्यानं लिवून देल्लं होतं न. काऊन खोडलं?"

"रकाना नव्हता म्हणून."

ती माझ्याकडे वळली. रागावेल असं वाटलं होतं. "आई," ती म्हणाली, "मी उद्या खेळली नाही न, तर त्या सहावीले तुहा नमुना पाठवतो. तिनं तुले हार घातला पायजे." मग दोघींनाही हसू आलं, पण ती दर थांब्याला घड्याळ पाहत होती.

ज्यांच्याकडून रॅम घेतली होती त्या नवरा-बायकोकडे आधी गेलो. बायकोने माझाच कागद समोर ठेवला. "अम्मा, तुम्ही सोळा जीबी लिहिलं, आम्ही सोळा जीबी दिली. सील तुटलं, परत कशी घेऊ?" ती नीट, हसतमुखाने बोलली आणि तिचं बरोबर होतं. हे असलं उत्तर मी स्वतः खिडकीपाशी आलेल्या लोकांना वर्षानुवर्षं देत आले आहे. मी वाद घातला नाही.

तिसऱ्या दुकानात पोचलो तेव्हा चार वाजले होते. दुकानदाराने पट्टी हातात घेतली, खाच पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी आधीच म्हणून टाकलं, "आपने लिखा था. मैंने काटा."

"हौ," तो म्हणाला. एवढंच.

चौथ्या पिढीची सोळाची एकच पट्टी त्याच्याकडे नव्हती. आठ-आठच्या दोन होत्या. मी म्हणाले, यादीत एक नग आहे. मुलीने माझा दंड धरला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दो की जोड़ी में जल्दी चलता है. एक नग का क्या करना है?" मुलगी म्हणाली, खरं हाय आई, मी आधी दोनच लिहिणार होते, पण एक स्वस्त पडते म्हणून लिहिली.

दोन पट्ट्यांचे तीन हजार सातशे. एकूण बासष्ट हजार आठशे पन्नास होत होते, मंजुरीच्या वर दोन हजार आठशे पन्नास. मी मिस्टरांना फोन लावला आणि आकडे सांगितले.

"त्या एकाकडूनच घेतलं असतं तर केवढ्याले पडत होतं?"

"एकसष्ट हजार नऊशे."

"म्हंजे तीन कोटेशन घेऊन साडेनऊशे महाग." ते मनापासून खूश झालेले ऐकू येत होते. "मंजूर. सही घरी आल्यावर घ्या. अन् लवकर या, इकडं मी चार स्क्रू जास्तीचे काढून ठेवले हायेत, ते कुठचे मले आठवून नाई राह्यलं."

रसीद लिहिताना दुकानदार थांबला. "मॅडम, बाजू में लिखूँ कि नहीं?"

"लिखिए," मी म्हणाले. "बड़ा लिखिए."

सहाला घरी आलो. ते चार स्क्रू पडद्याच्या पायाचे निघाले. रॅमच्या दोन्ही पट्ट्या दोन्ही टोकांना टक् करून बसल्या, चार वेळा टक्. मुलीने बटण दाबलं. एक क्षण काही नाही, मग पंखा फिरला आणि पडद्यावर काळ्या जागेत पांढरी अक्षरं आली. मी त्यात रॅमची ओळ शोधली: १६३८४. सोळाला एक हजार चोवीसने गुणलं की एवढेच होतात. आकडा जुळला. मला इतका आनंद झाला की मी तो मोठ्याने तीनदा वाचला.

नेटवरून गेम उतरायला रविवारची सकाळ उजाडली. तीनला सामने सुरू झाले. मी तिच्या मागे खाटेवर बसले, मिस्टर दारात. मला त्या खेळातलं फार कळत नव्हतं, पण पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाच्या चित्रांचा आकडा दिसत होता आणि मी त्यावरून नजर काढली नाही. एकशे अडतीस, एकशे एक्केचाळीस, धुराच्या जागी एकशे बारा. शंभराच्या खाली एकदाही गेला नाही.

"आपले कोनते?" मिस्टर.

"निळे. बोलू नका."

पहिला सामना त्या हरल्या. दुसऱ्यात शेवटच्या डावात चौघी बाद झाल्या, एकटी आमची उरली, समोर दोघी. ती एका भिंतीआड तशीच थांबली, इतकी की लाइन गेली असंच मला वाटलं. पण कोपऱ्यातला आकडा हलत होता. मग तिचा हात अगदी थोडा सरकला, एक गेली, लगेच दुसरी. हेडफोनमधून चार मुलींचा आरडाओरडा मला खाटेपर्यंत ऐकू आला. तिसरा सामना त्यांनी सहज जिंकला.

सव्वासहाला कप्तानचा फोन आला. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. मुलगी नुसती "हो अक्का, हो अक्का" करत अंगणात फेऱ्या मारत होती. आत आली ती म्हणाली, जागा पक्की झाली, हैदराबादच्या स्पर्धेत पाचात मी आहे. मग थोडं थांबून, "प्रवेश फी आजच भराची हाय. माह्याकडं आता काईच नाई आई."

मी विचारलं, किती? तिने सांगितलं. एकच दर होता, कोटेशन मागायचा प्रश्न नव्हता. कॉम्प्युटरचे बासष्ट हजार आठशे पन्नास तिन्ही दुकानांना आधीच चुकते झाले होते. त्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी, माझ्या फोनवरून दोनशे रुपये दिले, संघाच्या कप्तानला.