कोऱ्या तारखेचा राजीनामा

"तारीख आजची टाका आणि मोकळ्या व्हा," प्लांट हेड म्हणाले आणि त्यांनी रेश्माचा राजीनामा माझ्यासमोर सरकवला.

रेश्मा आमच्या शिरवळच्या कारखान्यात पॅकिंग लाईनवर होती. तिला पाचवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी सव्वीस आठवडे पगारी रजा मिळते आणि गरोदर आहे म्हणून बाईला काढता येत नाही, हा कायदा. ती स्वतःहून सोडून गेली, तर मात्र कंपनीचा प्रश्नच मिटतो. त्यासाठी आमच्याकडे एक पद्धत होती. रुजू होतानाच प्रत्येकाकडून राजीनामा लिहून घ्यायचा, तारखेची जागा कोरी ठेवून. एचआर म्हणून ते कागद मीच घेत असे. "फॉर्मॅलिटी आहे हो," असं हसून सांगतही असे.

"सर, हे बेकायदेशीर आहे."

"मग इतकी वर्षं कागद कशाला गोळा केलेत?"

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. शेवटी त्यांनीच तारीख टाकली.

रेश्मानं साताऱ्याला कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सुनावणीला कंपनीतर्फे प्लांट हेड साहेब आणि मी निघालो. साहेब पुढे बसून ड्रायव्हरशी क्रिकेटवर बोलत होते. मी मागे. सहज फाईल उघडली आणि सहीवर नजर गेली. 'रेश्मा मुलाणी.' हे तिचं म्हसवडचं, माहेरचं आडनाव. लग्नाला दोन वर्षं झाली होती. रेकॉर्डला शिकलगार असा बदल मीच केला होता आणि तेव्हापासून तिची सहीही नव्या नावानं होती. साहेबांच्या हे गावीही नव्हतं. मी फाईल मिटली. भीती वाटत होती, आणि ती सांगावी असं गाडीत सोडा, अख्ख्या शिरवळमध्ये माझं कुणी नव्हतं. घरचे सांगलीला, मी इथं भाड्याच्या खोलीत. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी कागद रेश्मापुढे धरला. "सही तुमची?"

"व्हय, माजीच हाय. पन मी काम सोडल्यालं न्हाई, सायेब."

"सही तुमची, मग राजीनामा कुणाचा?"

अधिकारी माझ्याकडे वळले. "मॅडम, हा तुमच्यासमोर दिला?"

"हो. पण या महिन्यात नाही. रुजू झाली त्या दिवशी. सही लग्नाआधीच्या नावाची आहे, बघा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतीला मी एसटीनं आले.

रेश्माची नोकरी राहिली, रजाही मिळाली. बाकीचे कोरे राजीनामे परत करावे लागले. ते मी एकेकाला बोलावून हातात दिले. साहेब आता माझ्याशी फक्त मेलवर बोलतात. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर ऑफिसचं कुणी बसत नाही आणि लाईनवरचंही कुणी बसत नाही.

रजा संपवून रेश्मा हजर झाली. मी पुन्हा रुजू होण्याचा फॉर्म पुढे केला.

"बाळ कसं आहे?"

"बरं हाय."

तिनं फॉर्म दोनदा वाचला. तारीख स्वतःच्या हातानं घातली, मग सही केली.

"मॅडम, ह्याची झेरॉक्स द्या मला."

मी दिली. तिनं बरोबरच केलं. सही केलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स कामगारानं एचआरकडून मागून घ्यावी. माझ्याकडून तर जरूर घ्यावी.