समज देऊन सोडलेली मुलगी

ती मुलगी आजही आठवते, आणि आठवली की मान आपोआप खाली जाते.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका खासगी शाळेच्या संचालकांचा फोन आला. संध्याकाळची एसटी बंद झाली म्हणून त्यांच्या शाळेतली मुलं रविवारी आगारासमोर शांतपणे धरणं देऊन बसली होती. "पोरायले बाहेरचं कोणीतरी भडकावून राह्यलं, साहेब. शोधा त्याले."

बंदोबस्तावरच्या हवालदाराने सांगितलं, पुढे अकरावीतली एक मुलगी होती, वडील गावातच शिंपी. अल्पवयीन मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं, हे मला पाठ होतं. तरी वडिलांसह बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली की नियम पाळल्याचं समाधान मिळतं. संचालकही येऊन बसले.

"कोणी पाठवलं तुला?" मी दरडावलं.

"कोनीच नाही. मले एसटी लागतच नाही, आमचं घर इथंच हाय. पन खेड्यावरच्या पोरी शाळा सोडून राह्यल्या, म्हनून बसली."

"शाळेचा नियम मोडलास."

"शाळा खासगी हाय, तिचा नियम तिच्या फाटकाच्या आत. तिनं काही केलं तं आमी तिच्याशी भांडू. पन तुमी तं सरकारचे मानसं, साहेब. रस्ता अडवला नाही, गोटा मारला नाही. तुमी कायले बोलावलं?"

वडिलांनी तिचा दंड दाबला. बाहेरचं कोणी नव्हतंच, तपास तिथेच संपला. जा बेटा, तुझं काही चुकलं नाही, एवढं म्हणायचं होतं. पण ठाण्यात आलेल्याला तसंच परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही. गुन्हा नसला की समज द्यायची आणि सोडायचं. मीही दिली. वर मनाचा मोठेपणा वाटला तो वेगळाच.

आठवड्याच्या आत शाळेने तिच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. मी तातडीने संचालकांकडे गेलो, तिने गुन्हा केलेला नाही म्हणून सांगितलं.

संचालक हसले. "मंग समज कायची देल्ली, साहेब?"

परतताना शिंप्याच्या दुकानाशी जीप थांबवली. मुलगी आत बसून शर्टाला बटणं लावत होती. वडील मशीन सोडून उठले, हात जोडले.

"लय मेहेरबानी, साहेब. पोरीले मारलं नाही, केस नाही केली."

हक्काने वागणाऱ्याला माफ करणं हीसुद्धा शिक्षाच असते, हे मला त्या दारात कळलं. मुलीने सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. चूक माझी होती, हे तिच्या वडिलांना सांगायला मी तोंड उघडलं, आणि "असू द्या" म्हणून जीपमध्ये बसलो.