भावकीचा सामना

मी घर सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि दादा दारात उभे राहिले, शेजारच्या दाराकडे पाठ करून. दादा म्हणजे माझे वडील. शेजारचं दार त्यांच्या थोरल्या भावाचं, आमच्या मोठ्या बाबांचं. त्याच्या काही वर्षं आधी वाटणी झाली, बांधावरच्या एका बाभळीवरून दोघा भावांत वाजलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. मोठे बाबा अंगणात खाटेवर पेपर वाचत बसले होते. माझी बॅग, कपाळावरचा टिळा, आईचं रडणं, सगळं त्यांना कळत होतं, कारण पेपरचं पान काही उलटत नव्हतं. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. दादा म्हणाले, "तिकडं वळायचं नाय. अन् त्या मुलखात गेल्यावर लई चौकश्या करू नको कुनाच्या." पहिलं मी ऐकलं. दुसरं मला या जन्मात जमेल असं वाटत नाही.

आमचं गाव लासूर स्टेशनजवळ. शिक्षण आणि पहिली नोकरी तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, तिथून दोन वर्षांसाठी चेक देशात पाठवलं. दोनाची सात कधी झाली ते कळलं नाही. जे आपापल्या गावाहून असेच बाहेर पडले, त्यांना हे हिशेब सांगायला नकोत. मागे राहिलेल्यांना मात्र सांगतो, आम्ही काही ठरवून राहत नाही. एका थंडीपुरता घेतलेला कोट पुढच्या थंडीतही चालतो, एवढंच.

माझ्या शेजारच्या दोन मशीनवर पावेल आणि युराय होते. पावेल चेक, युराय स्लोव्हाक. पावेलची बहीण युरायला दिलेली, म्हणजे नात्यानं मेव्हणे. एक काळ या दोघांचा मिळून एकच देश होता. मग शांतपणे, रक्ताचा थेंब न सांडता वाटणी झाली. भाषा इतक्या जवळच्या की एक 'ने' म्हणतो, दुसरा 'निये', जसं आपल्याकडे कुणी नाही म्हणतं आणि कुणी नाय. दोघं आपापल्या भाषेत बोलायचे आणि दोघांना सगळं कळायचं. मी दोन्हींची खिचडी करून बोलायचो आणि कुणालाच काही कळायचं नाही.

त्या वर्षी वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत हे दोन्ही देश एकाच गटात आले. सामना जवळ येऊ लागला तशी कॅन्टीनची हवा बदलली. फुटबॉल म्हणजे मला काय कळणार? आमच्या गावात चेंडू पायानं मारला की शाळेत मार बसायचा. पण भांडणातलं मला बरंच कळतं. मी चौकशी सुरू केली.

पहिलं भांडण झेंड्याचं निघालं. युराय म्हणाला, "वाटणीत ठरलं होतं, जुना झेंडा कुणीच घ्यायचा नाही. यांनी घेतला." पावेल सूप पीत म्हणाला, "तुम्हाला कुठे हवा होता?" दुसरं भांडण कपाचं. एकत्र असताना त्यांनी युरोपातला मोठा कप जिंकला होता. तो कुणाचा? युराय म्हणे, मैदानात बहुतेक आमची पोरं होती. पावेल म्हणे, शेवटची पेनल्टी आमच्या माणसानं मारली. हे ऐकताना मला एकदम गावाकडच्या चावडीवर बसल्यासारखं झालं. बाभळ कुणी लावली आणि पाणी कुणी घातलं, ते तरी दुसरं काय होतं?

मी त्यांना विचारलं, "याला तुमच्याकडे शब्द काय?" दोघांनी चार-पाच शब्द सांगितले, त्यांतला एकही बसेना. मग मी आमचा सांगितला. भावकी. म्हणजे घरात मयत झालं की ज्यांना सुतक लागतं ते लोक, आणि बांध कोरला म्हणून ज्यांना आपण कोर्टात खेचतो तेही तेच लोक. युराय विचारात पडला. "म्हणजे भाऊ की वैरी?" मी म्हणालो, "ते त्या दिवशी कोणता वार आहे, त्यावर अवलंबून."

त्याच आठवड्यात मंगलचा फोन आला. मंगल मोठ्या बाबांची एकुलती एक मुलगी. माझ्या पाठीवरची म्हणूनच वाढली. बोलणं बंद झाल्यावरही तिची राखी आईच्या हातून, दादांच्या नकळत, मला दर वर्षी मिळत राहिली. तिचं लग्न ठरलं होतं.

"भाऊ, कान कोन पिळनार?" तिनं विचारलं. "मला काय सख्खा भाऊ हाय का? तू नाय आलास तर मी दुसऱ्या कुनालाच पिळू देनार नाय. सांगून ठेवते."

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. चेष्टेचा विधी आहे, पण त्यातला निरोप खरा असतो, की बहिणीच्या मागे कुणीतरी उभं आहे. मागोमाग आईचा फोन आला. दादांनी बजावलं होतं, पत्रिका आली तरी आपल्या घरातून कुणी पाऊल टाकायचं नाही, परदेशातल्यानंसुद्धा. मी मंगलला म्हणालो, रजेचं बघतो. ते खोटं होतं. रजा होती. हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी कानपिळीची पद्धत त्या दोघांना सांगितली. पावेलनं चमचा खाली ठेवला, उठला आणि भर कॅन्टीनमध्ये युरायचा कान असा काही पिळला की तो ओरडलाच. "वीस वर्षं उशीर झाला," पावेल म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला ते जेवण गेलं नाही.

सामना होता स्लोव्हाकांच्या राजधानीत. आम्ही संध्याकाळी पावेलच्या घरी टीव्हीसमोर जमलो. सोफ्याच्या एका टोकाला लाल शर्टात पावेल, दुसऱ्या टोकाला निळ्यात युराय आणि मधे पावेलची आई. ऐंशीच्या पुढची बाई. तिनं मला सांगितलं होतं, की ती याच गावात जन्मली, कधी कुठे राहायला गेली नाही, तरी देशाचं नाव मात्र किती वेळा बदललं. मी म्हणालो, आमचे आजोबा तसेच. ओट्यावरून न उठता निजामाच्या राज्यातून पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद राज्यात, तिथून मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेले. ती खूश झाली. त्यानंतर मला वाढताना तिचा हात सैल झाला.

खेळाडू रांगेत उभे राहिले. पाहुण्यांचं राष्ट्रगीत आधी, म्हणून चेकांचं सुरू झालं. म्हातारी काठी टेकून उभी राहिली. ते संपलं, पावेल बसला. स्लोव्हाकांचं सुरू झालं, युराय उभा राहिला. म्हातारी बसलीच नाही. दुसरंही संपेपर्यंत ती ओठ हलवत होती.

मी अर्थातच विचारलं. ती म्हणाली, "आमच्या वेळी हे एकच होतं. आधी हा तुकडा, लगेच तो. वाटणीत ज्यानं त्यानं आपापला नेला." मग टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "हे दोघं एकमेकांशी भांडायला उभे राहतात, तेव्हाच मला अख्खं ऐकायला मिळतं."

आमच्या वाटणीत जात्याचा खालचा दगड आमच्याकडे आला आणि वरचा मोठ्या बाबांकडे. दळायला दोघंही गिरणीत जातात, पण दगड कुणी सोडला नाही. हे मी आजवर विनोद म्हणून सांगत आलो होतो. त्या संध्याकाळी मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. समोर सामना सुरू झाला, मेव्हणे एकमेकांच्या अंगावर ओरडू लागले, आणि माझ्या मनात एवढंच होतं, की मंगलच्या मांडवात माझी जागा रिकामी राहणार आणि ती मी माझ्या हातानं रिकामी ठेवणार.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दादांना फोन लावला. "मी मंगलच्या लग्नाला येतोय."

दादा म्हणाले, "उतरनार कुठं? माझ्याकडं का त्यांच्याकडं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "आधी मोठ्या बाबांकडं, दादा. जाताना त्यांच्या पाया पडायचं राहून गेलं होतं. तिथून घरी."

दादांनी फोन ठेवला. पाठोपाठ पुन्हा त्यांचाच आला. "स्टेशनावर कोन येनार घ्यायला? त्यांना तर डोळ्यानं धड दिसत नाय. म्या पिकअप घेऊन येतो. दारापतूर सोडीन. आत यायचो नाय."

लग्नाच्या चार दिवस आधी सकाळच्या गाडीनं लासूरला उतरलो. दादांनी बॅग मागच्या हौद्यात, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर टाकली. वाटेत पाऊसपाणी, भाव, कुणाचं काय चाललंय, सगळं बोलले, तेवढं एक सोडून. मी इतक्या वर्षांनी आलो होतो आणि मला कळत नव्हतं की मी नेमका कुणाच्या घरी निघालोय. त्यांनी गाडी मोठ्या बाबांच्या दारात उभी केली, हात स्टिअरिंगवर आणि नजर समोर, एरंडाच्या झाडावर. इंजिन सुरूच. मी उतरलो, पाया पडलो. मोठ्या बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण बघत होते गाडीकडे. मंगल दारात थबकून उभी होती.

मग मोठे बाबा माझ्या खांद्यावरून म्हणाले, "नाना, बंद कर की ते. किती डिझल जाळतो उगंच."

दादांना नाना म्हणणारं त्यांच्याशिवाय गावात कुणी उरलं नव्हतं. दादांनी चावी फिरवली. गाडी गप झाली, आणि दोन दारांच्या मधल्या त्या रस्त्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं.